पाणी कुठे दडून बसतं : मोटरहोमच्या हिवाळी बंदोबस्ताच्या नोंदी

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

यंदा मोटरहोमची, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराची, वही महिनाभर आधीच उघडली. गेल्या वसंतात हंगामाचा पहिला पंप चालू केला आणि पाचच मिनिटांत मागच्या कपाटाखालून पाण्याची बारीक रेघ निघाली. बाहेरच्या शॉवरचा प्लास्टिकचा नळ थंडीत आतून फुटला होता. नळाचं काही नाही, तो तासाभरात बदलला. पण पाणी कपाटामागच्या प्लायवूडमध्ये मुरलं, फळीचे पदर सुटले आणि पुढचा सगळा उन्हाळा गाडीत ओल्या लाकडाचा वास घेऊन हिंडलो.

चीड याची की बंदोबस्त मी केला होता. टाकी रिकामी, गीझर रिकामा, सगळे नळ एकेक करून उघडले, गुलाबी अँटीफ्रीझ (गोठून पाइप फुटू नयेत म्हणून त्यांत भरायचा द्रव) दिसेपर्यंत थांबलो. फक्त त्या 'सगळे'मध्ये बाहेरचा शॉवर मोजला नव्हता. तो झाकणाआड असतो, वर्षातून दोनदा चिखलाचे बूट धुण्यापुरता उघडतो.

म्हणून या वर्षी कामांची यादी करायची नाही. पाण्याची वाट कागदावर काढायची आणि त्या वाटेने जायचं. आज दुपारी गाडीत पालथा पडून, हातात टॉर्च धरून नकाशा काढला. स्वच्छ पाण्याची टाकी, पंप (जाळीसकट), गीझर, ओट्याचा नळ, बेसिन, आतला शॉवर, संडासाचा फ्लश, बाहेरचा शॉवर, बाहेरून पाणी जोडायचं तोंड आणि जमिनीलगतचे दोन ड्रेन. एका कागदावर मावलं. बाहेरच्या शॉवरभोवती लाल पेनाने तीनदा गोल काढला.

मुलीने विचारलं, पाणी गोठलं तर पाइप का फुटतो, बर्फ तर पाण्यापेक्षा हलका असतो ना? बरोबर तेच कारण आहे. तेवढंच वजन जास्त जागा व्यापतं म्हणून हलका. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. अर्धवट भरलेल्या टाकीत फुगलं तर वर जागा असते. दोन बंद नळांच्या मध्ये कोंडलं असेल तर मात्र ते मिळेल त्या भिंतीला रेटतं. आपल्या गाडीतले पेक्सचे (लवचिक प्लास्टिकचे) पाइप थोडे ताणले जातात आणि बहुतेक वेळा वाचतात. फुटतात ते जोड, नळांची प्लास्टिकची पोटं, पंपाचं डोकं.

२८ सप्टेंबर, शनिवार

छप्पर. ऊन होतं, वारा नव्हता, असा दिवस पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

आमचं छप्पर ईपीडीएम रबराचं आहे. सौम्य साबण, मऊ ब्रश, भरपूर पाणी. पेट्रोलियमचा अंश असलेलं काहीही या रबराला लावायचं नाही, ते फुगतं आणि खालच्या लाकडापासून सुटतं. धुऊन वाळल्यावर गुडघ्यांवर बसून प्रत्येक झरोका, पंख्याची चौकट, अँटेनाचा पाय आणि पुढची-मागची शिवण बोटाने दाबत गेलो. नजरेला सीलंट ठीक दिसतं, बोटाला कळतं. स्वयंपाकाच्या झरोक्याच्या मागच्या कोपऱ्यात नखाएवढी भेग होती. उभं राहून पाहिलं असतं तर कधीच दिसली नसती. तिथलं सुटलेलं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, स्पिरिटने पुसलं आणि आपोआप पसरणारं लॅप सीलंट घातलं. ते घालताना हात राखायचा नाही, स्क्रूची डोकी पूर्ण बुडली पाहिजेत.

हे काम थंडी पडायच्या आत का, तर सीलंटला बसायला ऊब लागते. आणि भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दुपारी वितळतं, पुन्हा गोठतं. दर फेरीला भेग थोडी रुंद होते. नळातलं पाणी जे करतं तेच, फक्त सावकाश.

५ ऑक्टोबर, शनिवार

इंजिन, जनरेटर, टायर. भरभर लिहितो, यात नवं काही नाही.

पेट्रोलची टाकी जवळजवळ पूर्ण भरली, भरण्याआधी स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवायचं औषध) ओतलं. टाकी जितकी रिकामी तितकी आत दमट हवा जास्त. नंतर १० किलोमीटर फिरवून आणली, म्हणजे औषध इंजेक्टरपर्यंत पोचतं. जनरेटर त्याच टाकीतून पितो, तोही हीटरचा भार देऊन २० मिनिटं चालवला. जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल बसून राहिलं की त्याचा चिकट राळेसारखा थर होतो आणि वसंतात दोरी ओढून खांदा दुखतो. महिन्यातून एकदा भार देऊन चालवला तर उत्तम. मी हिवाळ्यात एकदाही चालवत नाही आणि ते कबूल करतो.

इंजिन थंड ठेवणारं कूलंट रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे गोठणबिंदू मोजायच्या उपकरणावर, उणे ३६ दाखवतंय, पाणी आणि अँटीफ्रीझचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे, बस. काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीत मात्र उन्हाळ्यातलं साधं साबणपाणी होतं! ते उपसून हिवाळ्याचं भरलं आणि फवारा तीन-चार वेळा उडवला, नळीतलंही बदललं पाहिजे. नकाशात ही टाकी नव्हती. आता आहे.

टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे २३१८. म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षं झाली. नक्षी नव्यासारखी दिसते, कारण गाडी वर्षाचे सात महिने उभीच असते. पण रबर नक्षीवरून म्हातारं होत नाही, ऊन आणि हवेने होतं. कडेला बारीक सुरकुत्या दिसू लागल्यात. पुढच्या हंगामाआधी चारही बदलायचे, टाळाटाळ नको.

हवा कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरली. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय (दाबाचं एकक) हवा कमी दिसते, म्हणजे आजपासून ऐन थंडीपर्यंत सहा-सात पीएसआय आपोआप जाणार.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आतलं आवरणं. बायकोने सूत्रं हाती घेतली, मी हमाल.

खाण्याचं सगळं बाहेर. सीलबंद डबेसुद्धा, कारण डब्यातलंही गोठून फुगतं आणि सोड्याचे कॅन तर फुटतात. गाद्या उभ्या केल्या, उशा-पांघरुणं घरात. फ्रिज दोन दिवस आधीच बंद करून वितळवला होता, आज पुसून कोरडा केला आणि दारात लाकडी चमचा अडकवला. दार घट्ट लावून ठेवलं तर वसंतात जो वास येतो तो महिनाभर जात नाही, एकदा अनुभव घेतलाय.

मग उंदीर. उंदराला पेन्सिलीच्या जाडीची फट पुरते. त्यामुळे 'एवढ्याशा फटीतून काय येणार' हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. गाडीखाली आडवा पडून जिथे जिथे पाइप किंवा वायर तळातून आत जाते तिथे तांब्याची जाळी बोळा करून कोंबली, वर सीलंट. लोखंडी काथ्याही चालतो, पण तो गंजतो आणि गंजाचे ओघळ येतात. नुसता फोम म्हणजे उंदराला गादी. पुदिन्याचं तेल, सुगंधी वड्या वगैरे अनेक जण ठेवतात. मीही दोन वर्षं ठेवल्या. दुसऱ्या वर्षी उंदराने त्या वडीच्या वेष्टनाचंच घरटं केलं होतं.

गॅस: दोन्ही सिलिंडर बंद, शेगडी पेटवून नळीतला उरलेला गॅस जाळून टाकला, सिलिंडर बाहेरच्याच हवेशीर खणात राहू दिले. ते घरात किंवा बंद गॅरेजमध्ये कधीच ठेवायचे नाहीत. आमचा गॅस प्रोपेन आहे, तो उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. ब्युटेन शून्याच्या जेमतेम खालीच वायू व्हायचा थांबतो, त्यामुळे ब्युटेनवाले लोक थंडीत 'सिलिंडर भरलेला आहे पण शेगडी पेटत नाही' म्हणून हैराण होतात. गाडी गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या आणि गीझरच्या बाहेरच्या जाळ्याही तपासल्या. गॅसला गळती कळावी म्हणून जो वास घातलेला असतो त्याकडे कोळी ओढले जातात म्हणे, आणि बर्नरच्या नळीत जाळं विणतात. मग ज्योत निळीऐवजी पिवळी, आळशी दिसते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पाण्याचा दिवस.

रात्रीचं तापमान अजून ४ च्या खाली गेलेलं नाही, पण पुढच्या आठवड्याचा अंदाज बरा नाही. आधी सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या. काळी (संडासाची) आधी, मग करडी (बेसिन-शॉवरची), म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. मग स्वच्छ पाण्याची टाकी आणि जमिनीलगतचे दोन्ही ड्रेन उघडले. पाणी बाहेरून ऐकायला छान वाटतं, आधी गडगड, मग धार, मग थेंब. थेंब थांबले की माणसाला वाटतं झालं. झालेलं नसतं. पाइप सरळ नसतात, त्यांना पोटं असतात.

गीझर. विजेचं बटण आणि गॅसचं बटण दोन्ही काल रात्रीच बंद केली होती. रिकाम्या टाकीत विजेचा रॉड चालू राहिला तर काही सेकंदांत जळतो. पाणी पूर्ण थंड झाल्यावर वरचा दाबाचा व्हॉल्व्ह उचलून दाब सोडला आणि मगच खालचा अ‍ॅनोड रॉड २७च्या पान्याने सोडवला. २३ लीटर पाणी भसकन पायांवर. बूट घातले होते, पण बुटांना वरून तोंड असतं हे विसरलो.

अ‍ॅनोड हातात घेऊन बराच वेळ पाहत बसलो. नवा असताना अंगठ्याएवढा जाड गुळगुळीत दांडा असतो. आता मधली तार उघडी पडली होती, तिच्यावर खडबडीत राखाडी गाठी, टोकाशी तर नुसती तार. हा दांडा गंजावा म्हणूनच असतो. तो गंजतो तोवर टाकीचं पोलाद गंजत नाही. तीन-चतुर्थांश खाल्ला गेला की बदलायचा. आमचा त्याच्या पुढे गेला होता, म्हणजे या वर्षी पोलादालाही थोडी झळ बसली असणार. टाकीच्या तळाचा पांढरा क्षाराचा गाळ लांब नळीने धुऊन काढला. सगळ्याच गीझरना अ‍ॅनोड नसतो, अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला नुसतं प्लास्टिकचं बूच असतं. दुसऱ्याचा व्हिडिओ पाहून आपल्या गाडीत रॉड शोधत बसू नये.

ट्रुमा कंपनीच्या काही गीझरना एक व्हॉल्व्ह असतो, जो तापमान ३ अंशांजवळ आलं की आपोआप उघडतो आणि टाकी रिकामी करतो. पहिल्यांदा कळलं तेव्हा हेवा वाटला. पण तो गीझरपुरताच. नळांचं काय ते आपणच पाहायचं.

मग कॉम्प्रेसर. बाहेरून पाणी जोडायच्या तोंडाला अ‍ॅडॉप्टर लावला, रेग्युलेटर ४० पीएसआयवर. जास्त दाब दिला म्हणजे जास्त स्वच्छ होतं असं नाही, जोड सुटतात. आणि कॉम्प्रेसर जोडण्याआधी एक तरी नळ उघडा पाहिजेच. मुलगी आत, मी बाहेर. ती नळ उघडायची, मी हवा सोडायचो. आधी थुंकल्यासारखं पाणी, मग धुकं, मग नुसता फुसफुसाट. गरम आणि थंड दोन्ही बाजू वेगवेगळ्या. फ्लशचं पेडल दाबून धरायचं काम तिने आवडीने केलं. बाहेरचा शॉवर मी स्वतः तीनदा केला. तिसऱ्यांदाही दोन थेंब आले.

अंधार पडला. अँटीफ्रीझ उद्या.

२० ऑक्टोबर, रविवार

गुलाबी अँटीफ्रीझ प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं, पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठीचं. इंजिनातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते या पाइपांत चुकूनही जाता कामा नये. दोन्ही कॅन एकाच फळीवर ठेवायचे नाहीत, हा आमच्या गॅरेजचा नियम.

कॅनवर मोठ्या अक्षरात उणे ५० फॅरनहाइट लिहिलेलं आहे, म्हणजे उणे ४५ सेल्सिअसच्या आसपास. हा आकडा पाइप फुटण्याचा आहे, गोठण्याचा नाही. द्रव त्याच्या बऱ्याच आधी, उणे दहा-बारालाच, बर्फाच्या चिखलासारखा होऊ लागतो. फक्त तो चिखल पाण्याच्या बर्फासारखा रेटत नाही. आणि हे न पातळ केलेल्या द्रवाचं झालं. पाइपांत पाणी उरलेलं असेल तर ते मिसळून जोर कमी होतो. म्हणून काल हवा मारली. नुसती हवा पुरते म्हणणारेही आहेत, नुसतं अँटीफ्रीझ पुरतं म्हणणारेही आहेत. गेल्या वर्षीच्या फळीनंतर मी दोन्ही करतो.

गीझरला वगळून पाणी पुढे नेणारे तीन बायपास व्हॉल्व्ह फिरवले, नाहीतर २३ लीटर अँटीफ्रीझ तोच पिऊन टाकतो. पंपाच्या अलीकडच्या तिहेरी व्हॉल्व्हला छोटी नळी जोडली, तिचं दुसरं टोक कॅनमध्ये, पंप चालू. मुलगी एकेका नळाशी उभी.

"आलं का?"

"नाही... नाही... फिकट... गुलाबी!"

असं गरम-थंड धरून दहा वेळा. फ्लशचं पेडल मी तिला आणखी अर्धा मिनिट दाबायला लावलं, त्याच्या व्हॉल्व्हच्या पोटात पाणी अडून राहतं. बाहेरचा शॉवर: गुलाबी. त्याची लवचिक नळी काढून, झटकून घरात आणली.

आता बाहेरून पाणी जोडायचं तोंड. तिथे आत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पंपाचं अँटीफ्रीझ त्याच्यापर्यंत येतं आणि थांबतं. बाहेरची जाळी काढून मधली टाचणी स्क्रू-ड्रायव्हरने दाबली की गुलाबी बाहेर येतं. दाबण्याआधी पंप बंद करून एक नळ उघडायचा असतो, म्हणजे दाब उतरतो. मी पंप बंद केला. नळ उघडला नाही. चष्म्यावर, दाढीवर, शर्टाच्या खिशातल्या नकाशावर सगळीकडे गुलाबी. मुलगी आतून ओरडली, "बाबा, आलं का?"

आलं.

नंतर ओट्याच्या, बेसिनच्या आणि शॉवरच्या जाळीत पेलाभर अँटीफ्रीझ ओतलं. खालच्या वाकड्या पाइपात वास अडवण्यासाठी पाणी साठून असतं, तेही गोठतं. कमोडच्या भांड्यात थोडं, म्हणजे रबराची कडा वाळणार नाही. पाण्याच्या फिल्टरचं काडतूस काढून फेकलं, त्याची रिकामी वाटी उलटी करून ठेवली. एकूण ११ लीटर लागलं.

नकाशावर प्रत्येक चौकटीपुढे बरोबरची खूण. कागद गुलाबी झालाय, पण खुणा वाचता येतात.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बॅटऱ्या. राहत्या भागाच्या दोन, एजीएम (बंद प्रकारच्या लेड-अ‍ॅसिड), प्रत्येकी १०० अँपिअर-तास, शिवाय इंजिनाची एक.

पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे ५० च्याही खाली जाऊन गोठते. पूर्ण उतरलेली उणे ७-८ ला. तीच बॅटरी, तोच डबा. कारण चार्जिंग उतरतं तसं आतल्या द्रवातलं आम्ल प्लेटांमध्ये जातं आणि मागे उरतं ते पाण्याच्या जवळचं काहीतरी. म्हणजे इथेही शेवटी पाणीच. लिथियमचं गणित वेगळं: ती थंडीत उभी राहते, पण शून्याखाली चार्ज करायची नाही, आत धातूचा थर जमून कायमची खराब होते.

बॅटरी तोडायचा मुख्य स्विच बंद केला आणि सहज म्हणून मल्टिमीटर लावला. ०.०९ अँपिअर अजूनही जातोय! शोधलं तर गॅसगळतीचा डिटेक्टर स्विचच्या अलीकडून थेट जोडलेला. बरोबरच आहे ते, माणूस झोपलेला असताना तो चुकून बंद होऊ नये म्हणून. पण ०.०९ म्हणजे महिन्याला ६५ अँपिअर-तास. तीन महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या कोरड्या, तेही ऐन थंडीत. निगेटिव्ह टोकं सोडवली, पुसली, टेप लावली. विश्रांतीनंतर १२.७ व्होल्ट.

२ नोव्हेंबर, शनिवार

गाडी घराच्या बाजूला शेवटच्या जागी. प्रत्येक चाकाखाली जाड प्लायवूडची फळी, टायरपेक्षा थोडी मोठी. नाक मागच्यापेक्षा किंचित वर, म्हणजे छपरावरचं पाणी मागे वाहून जातं. चाकांना ठोकळे. हँडब्रेक सोडलेला. ओढून ठेवला तर महिनोन्महिने ब्रेकचे पॅड गंजून डिस्कला चिकटतात. गाडीच्या बाजूने बाहेर सरकणारी खोली आत घेतली, त्याआधी तिच्या रबरी कडांना कंडिशनर लावलं. गाडीच्या बाजूला पसरायची कापडी छत्री कोरडी करून गुंडाळली.

कव्हर श्वास घेणाऱ्या कापडाचं. पहिल्या वर्षी निळी ताडपत्री टाकली होती. आतून ओल धरली, वाऱ्यात फडफडून कोपऱ्यांचा रंग घासून गेला आणि गाडी उघडली तेव्हा पडद्यांवर काळे ठिपके. या कव्हरखाली एक झरोका बोटभर उघडा ठेवलाय. आत कॅल्शियम क्लोराइडचे दोन डबे, बेसिनमध्ये ठेवलेले, कारण ते ओल शोषून खारट पाण्याने भरतात आणि सांडले तर धातू खातात.

विम्याचं 'उभी गाडी' असं करून घेतलं. कुलूप.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पहिला बर्फ, दोन बोटं. बॅटऱ्या १२.७. उंदराचा माग नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

डबे अर्धे भरलेत, ओतले, पुन्हा भरले. बॅटऱ्या १२.६. टायर सहा पीएसआयने उतरलेत, म्हणजे हिशोबाप्रमाणे.

११ जानेवारी २०२५, शनिवार

रात्री उणे १७. पलंगावर पडून उगाच गाडीचा विचार करत होतो. प्रत्येक जागा डोळ्यांसमोर आणायची आणि तिथे गुलाबी पाहिल्याचं आठवायचं, असा खेळ. ओटा, गुलाबी. बेसिन, गुलाबी. फ्लश, दोन्ही शॉवर, बाहेरचं तोंड (दाढी), गुलाबी. पंप...

पंपाची जाळी. तिची पारदर्शक वाटी आहे, लिंबाएवढी. तिच्यात गुलाबी पाहिल्याचं आठवेना.

आणि मग अंथरुणात उठून बसलो. आमच्या गाडीत ही वाटी पंपाला चिकटून नाही. टाकीतून फूटभर नळी येते, मग वाटी, मग तिहेरी व्हॉल्व्ह, मग पंप. कॅनची नळी तिहेरी व्हॉल्व्हला लावली की पंप कॅनमधून ओढतो आणि टाकीकडची बाजू बंद होते. हवासुद्धा उलटी तिकडे गेली नसणार, पंप मध्ये आडवा. टाकी रिकामी केली तेव्हा नळीतलं पाणी गेलं असेल, पण वाटी नळीच्या खाली लोंबते. वाटीतलं पाणी वाटीत. मी नकाशावर 'पंप (जाळीसकट)' लिहिलं आणि एका चौकटीला एकच खूण केली.

बायको म्हणाली, "आता रात्री जाऊन काय करणार आहेस? फुटायचं ते फुटलं असेल." खरं होतं. तरी तासभर झोप लागली नाही.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी कव्हरची मागची चेन उघडून आत गेलो. श्वासाची वाफ, सगळं खोकं असल्यासारखं शांत. कॉटखालची फळी उचलली, टॉर्च मारला. वाटीत काचेसारखा स्वच्छ बर्फ, मधोमध पांढरा, आणि स्टीलची जाळी त्यात लोणच्याच्या बरणीत चमचा रुतावा तशी रुतलेली. आटा फिरेना. जबरदस्ती केली नाही. दोन्ही तळहातांत वाटी धरून बसलो, हात बधिर झाले की मांडीखाली घालायचे, पुन्हा धरायची. पंधरा-वीस मिनिटांनी कडेचं पाणी सुटलं आणि आटा हलला. बर्फाचा गोळा वाटीसकट घरात आणून बेसिनमध्ये ठेवला.

वितळल्यावर वाटी टॉर्चसमोर धरली. आट्यापासून खाली, केसाएवढी, सरळ रेघ. नखाने अडते. बाहेरून कळत नव्हतं, बर्फच तिला भरून होता. ही वाटी तशीच राहिली असती तर वसंतात पंप टाकीतून पाणी ओढताना या भेगेतून हवा ओढत बसला असता आणि मी आठवडाभर पंप बिघडला म्हणून पंप उघडत बसलो असतो. पंप बंद असताना भरल्या टाकीचं पाणी त्याच रेघेतून ठिबकलं असतं ते वेगळं. कॉटखाली. पुन्हा प्लायवूड.

टाकीकडची फूटभर नळी काढून फुंकली. चमचाभर बर्फाचा चुरा पडला. ती लवचिक, जाळीदार आहे, तिला काही झालेलं नाही. टोकं उघडी ठेवली, चिंधी गुंडाळली. पंपाच्या डोक्यात मात्र गुलाबी आहे, बघितलं. म्हणजे नुकसान एका वाटीचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ओला, जड बर्फ, हातभर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आतबाहेर असतो, ओला झाला की त्याच्या तीन-चार पट. शिडीवरून लांब दांड्याच्या मऊ झाडूने ढकलला, छपरावर चढलो नाही. कव्हरचा एक पट्टा तुटलाय.

१२ एप्रिल, शनिवार

रात्रीसुद्धा शून्याच्या वर, सलग दहा दिवस. कव्हर काढलं. छपरावर सप्टेंबरात घातलेलं सीलंट जागच्या जागी. फ्रिजला वास नाही. ओट्याखालच्या खणात उंदराच्या दोन लेंड्या, जुन्या की नव्या ठरवता येईना. जाळीचे बोळे शाबूत.

बॅटऱ्या १२.५, जोडल्या, चार्जिंगला. अ‍ॅनोड नवा, आट्यांवर टेफलॉन टेप. बायपास व्हॉल्व्ह अजून तसेच ठेवले, आधी पाइप धुवायचे, मग गीझर भरायचा. नवी वाटी महिन्यापूर्वीच आणून ठेवली होती. तिच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस लावून हातानेच आवळली. पान्याने आवळली की थंडीआधीच फुटते.

टाकीत ४० लीटर पाणी. पंप चालू. नळांतून खोकत खोकत आधी हवा, मग गुलाबी, फिकट गुलाबी, मग पाणी. मुलगी या वेळी "पांढरं!" म्हणून ओरडत होती, पाणी पांढरं नसतं यावर आमचा थोडा वाद झाला. मग बिनवासाचं साधं ब्लीच, लीटरला एक मिलीलीटर या हिशोबाने, पाण्यात मिसळून टाकीत. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत सोडलं आणि रात्रभर पाइपांत राहू दिलं.

१३ एप्रिल, रविवार

ब्लीच धुऊन काढायला तीन टाक्या पाणी गेलं. चौथ्यांदा टाकी भरली, गीझर भरला, सगळे नळ बंद केले आणि पंप चालू ठेवून कॉटखालच्या फळीशी बसलो. दाब भरला की पंप थांबतो. कुठे गळत असेल तर थोड्या वेळाने आपणहून गुरगुरतो. गेल्या वर्षी दर चार मिनिटांनी गुरगुरत होता आणि मी त्याला पंपाचा स्वभाव समजलो होतो.

चाळीस मिनिटं बसलो. वाटीखाली कागदी रुमाल पसरला होता, कोरडा. बाहेरच्या शॉवरखाली दुसरा, तोही कोरडा. पंप एकदाही वाजला नाही.

नकाशात 'पंप (जाळीसकट)' खोडून दोन चौकटी केल्या. जाळीपुढे लिहिलं: वाटी काढून घरात आणणे. कागद बदलायला झालाय, पण गुलाबी डागांसकट हाच ठेवणार.

राहिलेली कामं: चार टायर. कव्हरचा पट्टा. आणि मागच्या कपाटाची ती फळी, जिचा वास अजून येतो.